डावी बाजू

गोपिकेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला त्या दिवसापासून घरात एकाच गोष्टीची काळजी होती, आणि ती नवऱ्या मुलाची नव्हती. सावनेरचा देवाजी सगळ्यांच्या मनात भरला होता. काळजी होती ती मडमची.

मडम म्हणजे गोपिकेच्या वडिलांची, शालिकरामांची काळी मोटार. तेरा वर्षांपूर्वी जबलपूरला बदली झालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. ती कोणत्या कंपनीची हे सांगणारी पितळी पट्टी कधीच गळून पडली होती, आणि आता तिच्या अंगावर मूळचं काय उरलं होतं ते ताराचंद मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात तिचा पेट्रोल पंप तापायचा, मग त्याच्यावर ओलं फडकं ठेवून वाट पाहायची. पावसाळ्यात तिला सर्दी व्हायची. सेल्फ आठवड्यातून एखाद्या दिवशी लागायचा आणि तो दिवस कोणता हे फक्त तिलाच ठाऊक असायचं. ताराचंद म्हणायचा, "बाबूजी, इच्यात नवीन सामान टाकाले भेव वाटते. नवीन टाकलं की जुनं रुसते."

नागपूरच्या महाल भागातली त्यांची गल्ली इतकी अरुंद, की मडम घरापर्यंत येतच नसे. ती चौकात उभी राहायची, पानठेल्याच्या बाजूला, जिथून रस्ता खाली उतरतो तिथे. उतारावर असली की नुसतं ब्रेक सोडायचं काम. सपाटीवर असली की मग सगळं घर लागायचं.

मनकर्णा या घरची थोरली सून. तिची वरात याच गाडीतून आली होती आणि चौकाच्या अलीकडे दोन फर्लांगांवर थांबली होती. माप ओलांडायच्या आधी तिनं मोटार ढकलली होती. नवी नवरी मुंडावळ्यांसकट डिक्कीला हात लावून उभी राहिली तेव्हा शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या, पण सासऱ्यांनी घरी आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीच्या हातात जोर हाये." तेव्हापासून डिक्की तिची झाली. थोरला मुलगा कृष्णकांत, म्हणजे तिचा नवरा, उजव्या बाजूला. धाकटा बळीराम डाव्या बाजूला. गोपिका तेव्हा आठ वर्षांची होती, ती शालिकरामांच्या दाराला लटकायची. पुढे लटकायची ती ढकलायला लागली. आणि स्टेअरिंगवर बसून शालिकराम हाक द्यायचे: "कृष्णा, उजवी! बळी, डावी! मनकर्णा, डिक्की! गोपे, दार! हं, लावा हात!"

ही हाक आली की माणूस जेवत असेल तरी उठायचा. सवयच तशी होती.

दोन वर्षांपासून मात्र त्या हाकेत एक खड्डा पडला होता. "कृष्णा, उजवी!" झालं की शालिकराम एक श्वासभर थांबायचे आणि मग एकदम "मनकर्णा, डिक्की!" म्हणायचे. मधलं नाव घशाखाली जायचं.

झालं होतं ते असं. बळीरामची बायको इंदू अडली होती. तिला मडममध्ये घालून दवाखान्यात न्यायला निघाले आणि रेल्वे फाटकापाशी मडम बसली. शालिकराम म्हणत राहिले, "होते, होते, आत्ता चालू होते," आणि अर्धा तास गेला. शेवटी बळीरामनं एक सायकल रिक्षा थांबवली. दवाखाना दिसायच्या आधीच रिक्षात मुलगी झाली. मायलेकी जगल्या, देवाची कृपा. पण तिसऱ्या दिवशी बळीराम भंगारवाल्याला घेऊन चौकात आला आणि मडमच्या बंपरला दोर बांधायला लावला. शालिकराम आंघोळीवरून ओल्या पंच्यानं धावत आले आणि बोनेटवर जाऊन बसले.

"आज गाडी विकतं, उद्या बाप विकशीन!"

"बापापेक्षा गाडी बरी, बाबा. ते ढकलली त हालते तरी!"

चौकातली माणसं हसली. ते हसू शालिकरामांना जास्त लागलं. त्यांनी बोनेटवरूनच सांगितलं, "माही हाक येईन तवाच या घरात पाय ठेवजो." बळीराम म्हणाला, "बरं." आणि इंदूला नि तीन दिवसांच्या पोरीला दवाखान्यातूनच घेऊन हिंगण्याला जाऊन राहिला. तिथल्या कारखान्यात तो होताच. बाप हाक मारत नव्हता, लेक येत नव्हता. बाकी घर देवळाच्या, बाजाराच्या, हळदीकुंकवाच्या निमित्तानं हिंगण्याला जाऊन पोरीला बघून यायचं आणि घरी येऊन देवळातली गर्दी सांगायचं. शालिकराम सगळं ऐकून घ्यायचे आणि काही विचारायचे नाहीत.

मनकर्णेला हे सहन होत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा बळीराम तेरा वर्षांचा होता. त्याच्या मॅट्रिकच्या परीक्षेला ती पहाटे उठून चहा करून द्यायची. साक्षगंधाची तारीख निघाली त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं होतं की या कार्यात बळीभाऊंना घरात आणायचंच. नाही आणलं तर मग कधीच नाही. गोपिका लग्न होऊन गेली की या घरात दुसरं कार्य कुठलं होतं?

अठ्ठ्याहत्तरचा तो वैशाख. साक्षगंधाच्या दिवशी सकाळी आठ वाजताच अंगण तापलं होतं.

"मामाजी, मी काय म्हणते," मनकर्णेनं सासऱ्यांसमोर चहा ठेवता ठेवता विषय काढला. "पाहुणे छोट्या लाईनच्या गाडीनं इतवारीले उतरून राहिले. तिथं रिक्षे उभेच असते. दोन रिक्षे करून देऊ ना."

"याही माणूस माह्या दारी सायकल रिक्षानं येईन?" शालिकरामांनी बशी खाली ठेवली. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकं काही नाई म्हणत, बाबा," कृष्णकांत म्हणाला. तो पोस्टात होता आणि तोलून मापून बोलायचा. "लोकं धक्का मारून मारून थकले. परवा तो पानठेल्यावाला मले पाहून आतच जाऊन बसला."

गोपिका आतून हसली. सुभद्राबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, डोळे वटारले.

शालिकराम हसले नाहीत. "कृष्णा, तुह्या आज्यानं मालगुजाराच्या कापसाच्या गाड्या हाकल्या. सावनेर ते नागपूर, जन्मभर. बैल मालगुजाराचे, गाडी मालगुजाराची, कापूस मालगुजाराचा. माही माय रुखमाबाई त्या गाडीच्या मांगं पायी चाले. गाडीत बसाची परवानगी नव्हती. आज सावनेरचे लोक येऊन राहिले. त्याइले दिसू दे ना, धोंडबा गाडीवानाचा पोरगा सोताची मोटार घेऊन आला म्हून."

मनकर्णेनं रिकामा कप उचलला. तिला सासऱ्यांचा राग यायचा आणि त्याच क्षणी मायाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की ती स्वयंपाकघरात जायची. आताही गेली.

आणि गंमत पाहा, मडम त्या सकाळी सुतासारखी चालली. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. पाहुणे थाटात चौकात उतरले. देवाजीचे वडील नानाजी पुढच्या सीटवरून उतरताना दारावर थाप मारून म्हणाले, "गाडी दमदार हाये, शालिकरामजी." शालिकरामांनी वळून घरच्यांकडे असं पाहिलं, की कृष्णकांतनं मान खाली घातली.

साक्षगंध छान झालं. गोपिकेला सावनेरकडची अंजिरी साडी नेसवली, कुंकू लावलं, ओटी भरली. देवाजी सरकारच्या विहिरी खोदायच्या खात्यात नोकरीला होता. बोलायला मोकळा, पण गोपिकेकडे पाहायची वेळ आली की मांडवाच्या कनातीकडे पाहायचा. सगळं नीट चाललं होतं, आणि मनकर्णेचा जीव मात्र चौकात होता. पंगत बसायच्या आधीच तिला कळलं होतं, बळीभाऊ आलेत म्हणून. पोरीला कडेवर घेऊन पानठेल्यापाशी उभे आहेत म्हणून.

तिनं एका ताटात वडे, कढी, भात आणि दोन बुंदीचे लाडू घेतले, वर पळसाचं पान झाकलं आणि गल्लीतून निघाली.

बळीराम तिला पाहून हसला. "वहिनी, तुमी कायले उन्हात आल्या?"

"उन्हात त तुमी उभे हा. पोट्टीच्या डोक्यावर टोपरं तरी घालाचं." तिनं पोरीला एक लाडू दिला. दोन वर्षांची ती पोर दोन्ही हातांनी लाडू धरून गंभीरपणे खायला लागली. "इंदू काहून नाई आली?"

"इंदू म्हणते, ज्या रस्त्यानं तो रिक्षा गेला त्या रस्त्यानं माहा पाय उचलत नाई."

"आन तुमचा?"

"माहा उचलला. चौकापर्यंत." त्यानं पानठेल्याच्या फळीवर ताट ठेवलं. "बहिणीचं साक्षगंध हाये म्हून आलो. गल्लीत नाई येत. हाक नाई आली."

"मी बलावून राहिली ना."

"तुमची हाक लय वेळा आली, वहिनी. बाबाची एकदाही नाई."

मनकर्णेचा संयम सुटला. "बळीभाऊ, गोपिका काल रात्री माह्यापाशी रडली. म्हणे, लग्नात कानपिळी बळीदादानंच कराची, नाई त मी पाटावर बसत नाई. तुमी दोघं बापलेक हाकेची वाट पाहा. तिनं कोणाची पाहाची? या पोट्टीनं कोणाची पाहाची? इले आजा हाये हे तरी मालूम हाये का?"

बळीरामनं पोरीच्या ओठांवरची बुंदी बोटानं पुसली. मग म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो. बाबाले चौकात हसवलं मी. मले मालूम हाये. पण माफी मांगाले गेलो आन त्याइनं तोंड फिरवलं त? मंग त काहीच उरत नाई. अजून हे तरी हाये, की एक दिवस हाक येईन."

ती परत आली तेव्हा तिच्या पायांचे तळवे भाजले होते आणि तिच्या हातून काहीच झालं नव्हतं.

पाहुण्यांची परतीची गाडी संध्याकाळची. साडेपाचला सगळे चौकात आले. आणि तिथे घात झाला. मांडववाल्याचा बांबूंचा हातठेला सकाळपासून नेमका मडमच्या जागेवर, उतारावर लावलेला होता. तो हलवायला न सांगता शालिकरामांनी सकाळी गाडी पलीकडे सपाटीवर उभी केली होती. पहिल्या झटक्यात लागली म्हणून ते जरा चढले होते. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहुण्यांना काय कळणार!

नानाजी पुढे बसले. मागे त्यांच्या पत्नी अंजनाबाई, एक वयस्क आत्या आणि खिडकीशी देवाजी. गोपिका पाया पडायला चौकापर्यंत आली होती. शालिकरामांनी किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. पोटातून कण्हल्यासारखा एक आवाज आला आणि विरला. कृष्णकांतनं न सांगता बोनेट उघडलं, सुराईतलं पाणी फडक्यावर ओतलं, पंपावर ठेवलं. वाफ निघाली. पाच मिनिटं गेली. पुन्हा किल्ली. काही नाही.

"गाडी किती वाजता हाये जी आपली?" मागून अंजनाबाईंनी विचारलं. आवाज गोड होता, पण त्यात घड्याळ होतं.

"होते, होते," शालिकराम म्हणाले. "आत्ता चालू होते."

हे शब्द कानावर पडले आणि मनकर्णेनं चटकन पानठेल्याकडे पाहिलं. बळीराम तिथेच उभा होता. पोर कडेवर होती. त्याचा चेहरा तिला उन्हामुळे दिसला नाही, पण तो ताठ उभा होता आणि निघून जाणार असं तिला वाटलं. निघून जा असंच कुणीतरी म्हटल्यासारखे ते शब्द होते.

शालिकरामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेजारी सावनेरचे व्याही, मागे विहीणबाई, मुठीत स्टेअरिंग. त्यांनी आरशात पाहिलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तेरा वर्षांची हाक दिली:

"कृष्णा, उजवी! बळी, डावी! मनकर्णा, डिक्की! गोपे, दार! हं, लावा हात!"

मनकर्णेचे हात डिक्कीला लागलेसुद्धा होते. मग तिच्या ध्यानात आलं की या वेळी मध्ये थांबणं झालंच नाही. तिनं मान वर केली, तर अजून एक घोटाळा झालेला. नवी अंजिरी साडी, कपाळभर कुंकू, ओटीत नारळ, आणि गोपिका पदर खोचून शालिकरामांच्या दाराला खांदा लावून उभी!

"अवं माय!" अंजनाबाई ओरडल्या. "नवरी मुलगी गाडी ढकलून राहिली? अहो, पाहा ना हे!"

गोपिका जागी झाल्यासारखी दचकली. पण हात काही काढला नाही. या घरात एकदा लावलेला हात गाडी चालू झाल्याशिवाय निघत नसे. देवाजी दार उघडून उतरायला लागला, तेव्हा ती त्याच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली. "तुमी बसा. तुमची जागा अजून ठरली नाई."

नानाजी मोठ्यानं हसले. "बसून राय, देवा. आन तू गं," त्यांनी मागे वळून बायकोला म्हटलं, "नव्यानं आली तवा विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल कोण मारे? मी, का तू? मी त खाटेवर ताप घेऊन पडलो होतो. कापसाच्या पऱ्हाटीले पाणी तूच देल्लं."

"ते येगळं होतं," अंजनाबाई म्हणाल्या. पण त्यांनी गोपिकेच्या हातांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि या वेळी जरा निराळं पाहिलं.

हे सगळं मनकर्णेनं अर्ध्या कानानं ऐकलं. तिचं लक्ष डावीकडे होतं. बळीराम पानठेल्यापाशी तसाच उभा होता. पान तोंडात अडकलं होतं. त्याला ऐकू आलं होतं, यात शंका नव्हती. ती हाक चौकाच्या पलीकडे पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. मग तो निघाला. आधी सावकाश, मग भरभर. गाडीपाशी आला आणि त्याच्या लक्षात आलं की कडेवर पोर आहे आणि ढकलायला दोन्ही हात लागतात. त्यानं डाव्या खिडकीतून पोर आत दिली, ती थेट नानाजींच्या मांडीवर.

"काका, धरा जरा."

आणि तो मागे येऊन आपल्या जागी उभा राहिला. मडगार्डला जिथे वर्षानुवर्षं त्याच्या तळव्यानं रंग गेला होता, नेमकं तिथे त्यानं हात ठेवला. मनकर्णेच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

मडम हलली. दहा पावलं, वीस पावलं. शालिकरामांनी दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, फटाक्यासारखा आवाज झाला, काळा धूर मनकर्णेच्या तोंडावर आला आणि इंजिन धडधडायला लागलं. सगळ्यांनी हात काढले. मडम उतारावरून खाली, गिरणीवरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"पोट्टी!" सुभद्राबाई किंचाळल्या. "बळी, पोट्टी गेली रे!"

आता मडमचा एक नियम होता: एकदा चालू झाली की थांबवायची नाही. थांबवली की संपलं. शालिकराम ज्या नातीचं तोंड दोन वर्षं पाहायला गेले नाहीत, तिला घेऊन ते इतवारी स्टेशनाकडे निघाले होते. बळीराम धावायला लागला, तर कृष्णकांतनं त्याचा दंड धरला.

"राहू दे. नानाजीच्या मांडीवर हाये. रडन त लाडू देतीन."

दोघं भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात काळे करून. कृष्णकांत म्हणाला, "जोर कमी झाला रे तुहा."

"कारखान्यात बसून काम हाये, दादा."

एवढंच बोलणं. पण मनकर्णेला वाटलं, दोन वर्षांत या घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. स्टेशन काही लांब नाही. जाऊन यायला अर्धा तास पुष्कळ. पाऊण तास झाला. एक तास झाला. मांडववाला बांबू घेऊन गेला. गोपिका ओटीतला नारळ मांडीवर घेऊन पानठेल्याच्या बाकावर बसली. बळीराम चौकात येरझारा घालत होता. गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि परत फिरायचा.

"आता त घरात चाला, बळीभाऊ," मनकर्णा म्हणाली. "हाक आली ना. सगळ्याइनं ऐकली."

"चुकून निघाली असन, वहिनी." तो हळू बोलला. "पाहुणे बसले होते, घाई होती. तोंडाची सवय हाये. परत आल्यावर मले पाहून म्हणतीन, हा कोण? मी काही हाक-बिक मारली नाई. त मी काय करू?"

मनकर्णेलाही तीच भीती होती. चुकून दिलेली हाक परत घेता येते. शालिकराम ती घेऊ शकले असते. तो माणूस बोनेटवर बसून राहणारा होता.

दिवेलागणीच्या सुमारास गिरणीकडून एक सायकल रिक्षा वळली. चढावर रिक्षावाला उतरून ओढत होता. आत शालिकराम बसले होते, टोपी हातात आणि पोर मांडीवर. पोर त्यांच्या खांद्यावर मान टाकून जागी होती. रिक्षा थांबली तरी ते लगेच उतरले नाहीत.

"गाडी भेटली पाहुण्याइले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"भेटली. नानाजी म्हणे, पंधरा दिवसांत लग्नाची तिथी कळवतो. याहीण म्हणे, पोरगी कामाची हाये." ते उतरले. पोर कडेवरच होती. "मडम फाटकापाशी बसली. परत येतानी."

फाटक म्हटल्यावर सगळ्यांना ते फाटक आठवलं.

"आन तुमी सोडून आले तिले?" बळीरामनं विचारलं. दोन वर्षांनी तो बापाशी बोलला ते हे.

"आलो." शालिकरामांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "हे पोट्टी रडाले लागली. उकडून राहिलं होतं, घामानं भिजली होती. मी म्हटलं, होते, होते, आत्ता चालू होते. दहा मिन्टं रडली, बळी. दहा मिन्टं. मले दम नाई निघाला. रस्त्यात टाकली गाडी आन रिक्षा केला." त्यांनी पोरीला सावरून धरलं. "त्या दिवशी मी इंदूले अर्धा तास बसवून ठेवलं. आन या रिक्षात धक्के किती बसते रे! प्रत्येक खड्ड्याले मी हिले वरच्या वर धरो. माह्या ध्यानातच नाई आलं कधी, त्या पोरीनं कसं काढलं असन."

बळीराम रस्त्याकडे पाहत होता. मग त्यानं विचारायचं ते विचारलंच. "बाबा, मघा हाक... चुकून निघाली का?"

शालिकरामांनी पोरीचा घाम धोतराच्या सोग्यानं पुसला. "दोन वर्षांपासून तोंडात हाये ते हाक. रोज गिळो. आज नाई गिळल्या गेली."

बळीराम खाली वाकला. पायांना हात लावायला वाकला, पण त्याचे हात काळे होते म्हणून मध्येच थांबला. शालिकरामांनी त्याचे दोन्ही काळे हात धरून आपल्या पांढऱ्या धोतरावर टेकवले.

"याहीनं पुसलं, कोणाची पोर म्हून," ते जरा वेळानं म्हणाले. "म्हटलं, माही. नाव पुसलं त मले सांगता नाई आलं. लाज वाटली. मंग हेच बोलली. लुखमा म्हणे."

"रुखमा," बळीराम म्हणाला. "आजीचंच ठेवलं."

शालिकराम मान हलवत राहिले. त्यांची आई कापसाच्या गाडीमागे पायी चालली होती, आणि ही रुखमा पुढच्या सीटवर बसून गेली होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मनकर्णेला कळलं, आणि पदर तोंडाला लावून ती सरळ रडली.

"बरं, चाला आता," शालिकराम टोपी घालत म्हणाले. "अंधार पडाच्या आत गाडी आणू. सकाळी तीच घेऊन इंदूले आणाले जाऊ. चालली त."

"सकाळी बसनं जाऊ, बाबा," कृष्णकांत आणि बळीराम एकदम म्हणाले.

"बसनं जाऊ," शालिकरामांनी कबूल केलं. तेरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. "पण आता चाला. कृष्णा, उजवी. बळी, डावी."

मनकर्णा सवयीनं पुढे झाली.

"तू राय, मनकर्णा," ते म्हणाले आणि कडेवरची पोर त्यांनी तिच्या हातात दिली. "हिले घरात ने."

ती गल्लीतून निघाली. मागे गोपिका होती. सुभद्राबाई पुढे पळाल्या होत्या आणि भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी पोरीवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. वाऱ्यानं दार अर्धवट लोटलेलं होतं. मनकर्णेनं रुखमाला उंबरठ्यापाशी खाली उतरवलं. एवढी मोठी नात पहिल्यांदा घरी येते, तिनं तिच्या पायांनी यावं असं तिला वाटलं.

पोरीनं आधी मनकर्णेकडे पाहिलं, मग दाराकडे. मग पाय रोवले, दाराला दोन्ही हात लावले आणि ढकललं.